अनामत परत घेतलेले वाचक

वडिलांचं वाचनालयाचं कार्ड रद्द करायला मी गेलो तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. वाचायची हौस तसूभरही कमी झालेली नव्हती, गुडघ्यातलं बळ मात्र संपलं होतं. वाचनालय पहिल्या मजल्यावर. जिन्याला २२ पायऱ्या, आणि कठडा एकाच बाजूला. निर्गम सहायकानं दोन पुस्तकं जमा करून घेतली, नोंदवहीत ‘अनामत परत’ असं लिहिलं, पैसे मोजून दिले, सही घेतली. कारण कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कसं? वहीत त्यासाठी रकानाच नव्हता.

त्या वहीची आधीची काही पानं मी सहज चाळली. ‘अनामत परत’च्या बऱ्याच नोंदींपुढच्या सह्या थरथरत्या हाताच्या होत्या, किंवा मग सभासदाच्या नावापुढे मुलाची, सुनेची सही. त्यातले किती जण वाचन सोडून गेले आणि किती जण फक्त जिना सोडून गेले, हे त्या वाचनालयाला ठाऊक नाही. ‘सार्वजनिक ग्रंथालयं ज्येष्ठांसाठी काय करतात’ या प्रश्नाचा आढावा घ्यायचा तर मला त्या वहीपासूनच सुरुवात करावीशी वाटते.

गंमत अशी, की महाराष्ट्रातली वाचनालयं बऱ्याच अंशी म्हाताऱ्या माणसांच्या जिवावर चालतात. कुठल्याही तालुक्याच्या गावी कार्यकारी मंडळाची यादी पाहा. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, कार्यवाह निवृत्त बँक कर्मचारी, कोषाध्यक्ष पोस्टातून किंवा एसटीतून निवृत्त झालेले. सकाळी वृत्तपत्र विभागाची बाकं त्यांच्याच वयाच्या लोकांनी भरलेली. दिवाळी अंकांची योजना त्यांच्याच वर्गणीवर उभी राहते आणि व्याख्यानमालेला खुर्च्याही तेच भरतात. म्हणजे वाचनालय चालवणारे ज्येष्ठ, वापरणारे ज्येष्ठ. तरीही बालविभाग असतो, महिला विभाग असतो, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका तर हल्ली असतेच असते. ज्येष्ठांचा म्हणून विभाग क्वचितच आढळतो. ते घरचेच धरले जातात, आणि घरच्यांना ताट वाढायचं राहून जातं.

हे असं का झालं, त्याचं थोडं उत्तर इतिहासात आहे. आपली जुनी वाचनालयं दीडशे-दोनशे वर्षांची. रत्नागिरीचं १८२८ सालचं, अहमदनगरचं १८३८चं, नाशिकचं १८४०चं, पुण्याचं १८४८चं. गोव्यात पणजीचं ग्रंथालय पोर्तुगीज अमदानीत १८३२ साली निघालं. इंग्रजी शिकलेल्या तरुण कारकुनांना आणि वकिलांना वर्तमानपत्रं वाचायला मिळावीत, चर्चा करता यावी, ही त्या काळची गरज. कायदा आला तो फार नंतर. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा. अंमल १ मे १९६८पासून. तेव्हा देशातलं सरासरी आयुर्मान पन्नाशीच्याही आत होतं. ‘ज्येष्ठ नागरिक’ नावाचा वाचकवर्ग कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नसला तर त्यांना दोष देता येत नाही.

आता चित्र पालटलं आहे. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटी ३८ लाख होती, लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, गोव्यात ११.२. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटाच्या अंदाजानुसार २०३६पर्यंत देशातलं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास जाईल. म्हणजे दर सहा-सात माणसांमागे एक. या सगळ्यांना एकाच गठ्ठ्यात बांधणं हीदेखील चूकच. नुकताच निवृत्त झालेला, हातात स्मार्टफोन घेऊन शेअर बाजार पाहणारा साठीचा माणूस आणि नव्वदीतली, ऐकू न येणारी, खाटेला खिळलेली बाई यांच्यात बाप-लेकाइतकं अंतर असतं. अमेरिकन ग्रंथालय संघटनेनं ज्येष्ठांच्या सेवेसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं केली आहेत, त्यांत हीच खबरदारी दिली आहे: सगळे म्हातारे एकसारखे नसतात. आधी आपल्या भागातल्या ज्येष्ठांची माहिती गोळा करा, आणि त्यांच्या गरजेपुरते पैसे अंदाजपत्रकात धरा, असंही त्यांत आहे.

अंदाजपत्रक म्हटलं की आपल्याकडे आवाज खाली येतो. महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं सरकारची नाहीत. ती संस्थांची आहेत आणि सरकार त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान देतं. १९४८च्या मद्रास कायद्यानं स्थानिक करात ग्रंथालयाचा अधिभार बसवला; आपण तसा बसवला नाही. त्यामुळे वाचकाची वर्गणी, थोड्याफार देणग्या आणि अनुदान, एवढ्यावर गाडा. २०१२च्या पडताळणीनंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणं आणि वर्गबदल थांबले. पुढे कैक वर्षांनी अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं, तेव्हा ‘ड’ वर्गाचे वर्षाचे ३० हजार ४८ हजारांवर गेले. महिन्याला चार हजार. त्यात वीजबिल, वर्तमानपत्रं, नवी पुस्तकं आणि ग्रंथपालाचं मानधन. अशा ग्रंथपालाला ‘तुम्ही ज्येष्ठांसाठी उतार का बांधत नाही’ असं विचारायला जीभ रेटत नाही.

पण सगळंच पैशावर अडलेलं नाही. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२पासून सार्वजनिक ग्रंथालयांना मदत करतं. त्यांच्या योजनांत बालकोपरा, महिला कोपरा यांच्या जोडीला ज्येष्ठ नागरिक कोपऱ्यासाठीही साहाय्य आहे. म्हणजे कागदावर दार उघडं आहे. मी पाहिलेला असा एक कोपरा मात्र दुसऱ्या मजल्यावर होता. खाली अभ्यासिका, तिथे विशीतली मुलं. वर चार आरामखुर्च्या, एक पंखा आणि अध्यात्माची दोन कपाटं. अध्यात्मच का, हे विचारल्यावर कार्यवाह म्हणाले, ‘या वयात दुसरं काय लागतं?’ ते स्वतः ७४ वर्षांचे होते आणि त्यांच्या हातात इंग्रजी रहस्यकथा होती.

आता डोळ्यांकडे वळू, कारण वाचनाचा खरा दरवाजा तोच. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. त्यामुळे ज्या ट्यूबलाइटखाली ग्रंथपालाला स्वच्छ दिसतं, तिथे आजोबा पुस्तक खिडकीशी नेतात. उजेड वाढवणं, चकचकीत कागदावर पडणारी चकाकी टाळणं, कपाटाच्या अगदी खालच्या आणि अगदी वरच्या खणात मागणीची पुस्तकं न ठेवणं, विषयाच्या पाट्या मोठ्या आणि ठळक करणं, खुर्चीला हात असणं – कारण हात नसलेल्या खुर्चीतून सांधे धरलेल्या माणसाला उठता येत नाही – या गोष्टींना हजारो रुपये लागत नाहीत. एक बरं भिंग टेबलाला दोरीनं बांधून ठेवलं तरी चार माणसं जास्त वाचतात.

मोठ्या अक्षरांतल्या पुस्तकांचा प्रश्न याहून अवघड आहे. इंग्रजीत १९६४ साली फ्रेडरिक थॉर्प या प्रकाशकानं अल्व्हरस्क्रॉफ्ट ही मोठ्या टाइपाच्या पुस्तकांची मालिका सुरू केली आणि ती ग्रंथालयांमुळेच टिकली. आज इंग्लंड-अमेरिकेतल्या गावोगावच्या ग्रंथालयांत मोठ्या टाइपाच्या कथा-कादंबऱ्यांची वेगळी फडताळं असतात. मराठीत कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन यांची अशी वेगळी आवृत्ती काढायची पद्धतच पडली नाही. आणि देवनागरीची अडचण रोमनपेक्षा मोठी. वर वेलांट्या, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार, रकार, मध्ये जोडाक्षरं. मात्रांना जागा द्यायची म्हणून मूळ अक्षर लहान करावं लागतं. बारा पॉइंटातलं मराठी अक्षर त्यामुळे बारा पॉइंटातल्या इंग्रजी अक्षराहून बारीक दिसतं. मोतीबिंदूच्या डोळ्याला ‘द्ध’ आणि ‘द्व’ एकच.

हे मराठीत कुणाला कळलंच नाही असं मात्र नाही. पोथ्या छापणाऱ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ‘मोठ्या अक्षरांत’ असं मुखपृष्ठावर ठळक छापलेलं गुरुचरित्र, ज्ञानेश्वरी, शिवलीलामृत देवळाबाहेरच्या दुकानात सहज मिळतं. आपलं गिऱ्हाईक कोण, त्याचा चष्मा किती नंबरचा, ते पोथी कुठे बसून आणि कशाच्या उजेडात वाचतं, याचा विचार त्या प्रकाशकांनी केला. साहित्यिक प्रकाशकांनी केला नाही. म्हाताऱ्या माणसानं मोठ्या अक्षरांत फक्त पुण्य मिळवावं, कादंबरी वाचायची तर डोळे फोडून घ्यावेत, असा काहीसा याचा अर्थ होतो. ग्रंथालय संचालनालयानं हजार-दोन हजार प्रतींची खात्रीशीर खरेदी मोठ्या टाइपाच्या आवृत्तीसाठी राखून ठेवली तर प्रकाशक उद्या काढतील, असं मला वाटतं. मागणी विखुरलेली असते तेव्हा ती एका ठिकाणी बांधून दाखवायची ताकद ग्रंथालयांकडेच असते.

ज्यांना मोठं अक्षरही दिसत नाही त्यांच्यासाठी कान. १९३१ साल या बाबतीत लक्षात राहण्यासारखं आहे. त्या वर्षी इकडे मद्रासमध्ये रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पुस्तकरूपानं मांडली, आणि त्याच वर्षी तिकडे अमेरिकन काँग्रेसनं अंध प्रौढांना पुस्तकं पुरवण्याचा कायदा केला. त्या कायद्यातून उभी राहिलेली सेवा आजही बोलकी पुस्तकं आणि ती वाजवायचं यंत्र टपालानं, फुकट, घरपोच पाठवते. त्या सेवेचा मोठा वाचकवर्ग जन्मांधांचा नसून उतारवयात दृष्टी गेलेल्यांचा आहे. सत्तरीत दृष्टी गेलेला माणूस ब्रेल शिकायला सहसा बसत नाही; त्याची बोटंही एव्हाना जाडावलेली असतात. त्याला आवाज हवा.

आपल्याकडे कायद्याची बाजू चांगली आहे, वापर कमी. २०१२च्या दुरुस्तीनं आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाचं सुलभ रूप तयार करायची मुभा आली. हीच मुभा देशोदेशी मिळावी म्हणून झालेला मराकेश करार मान्य करणारा भारत जगातला पहिला देश, २०१४ साली. २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. मराकेश करारात केवळ अंध नाहीत. दृष्टी फार कमजोर झालेले, हात थरथरल्यामुळे पुस्तक धरता न येणारे हेही बसतात. थोडक्यात, आपल्या वाचनालयाच्या कित्येक जुन्या सभासदांना हा हक्क लागू होऊ शकतो. ‘आजोबा, तुम्हाला हे ऐकता येईल’ असं सांगणारा माणूस मात्र देवघेवीच्या टेबलामागे लागतो. बाजारात मराठी ऑडिओ पुस्तकं गेल्या काही वर्षांत पुष्कळ आली, पण ती मोबाइलच्या वर्गणीत आणि मोबाइल चालवता येणाऱ्याच्या हातात. सार्वजनिक वाचनालय अजून कागदाच्या पुस्तकालाच पुस्तक म्हणतं.

इथवर वाचनाचं झालं. मला जास्त बोलायचं आहे ते माहितीबद्दल, कारण या बाबतीत आपली वाचनालयं जवळजवळ मुकी आहेत.

सत्तरीच्या माणसाला आठवड्याभरात काय काय माहीत करून घ्यावं लागतं, याची यादी कुणी केली आहे का? निवृत्तिवेतनधारकाला दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा असतो. केंद्र सरकारच्या ऐंशीपुढच्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. २०१४पासून ‘जीवन प्रमाण’मुळे तो घरबसल्याही देता येतो, आणि बोटांचे ठसे पुसट झाले असतील तर चेहऱ्यावरूनही. हे ज्याला ठाऊक नाही तो बँकेच्या रांगेत उभा राहतो. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि ७५च्या पुढे प्रवास फुकट, हे २६ ऑगस्ट २०२२पासून आहे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२०मध्ये बंद झाली, तरी स्टेशनवर रोज कुणीतरी ती मागतं आणि ओशाळं होतं. सत्तरीच्या पुढच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढून वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचं संरक्षण मिळू शकतं; ही योजना ऑक्टोबर २०२४ची. निराधार असेल तर श्रावणबाळ योजना, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, आणि जन्मतारीख आधार कार्डावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी.

त्याहून नाजूक प्रश्न वेगळे. मुलगा सांभाळत नाही. घर मुलाच्या नावावर करून दिलं आणि आता त्याच घरात एका खोलीत दिवस काढावे लागतात. २००७च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, महिना दहा हजारांपर्यंत चरितार्थाची रक्कम मागता येते. आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र, ती अट पाळली गेली नाही तर रद्द ठरवून घेता येतं. किती आयांना हे माहीत असतं? आणि माहीत करून घ्यायचं तर विचारायचं कुणाला? शेजारी विचारलं तर गावभर होतं. नातेवाइकाला विचारलं तर मुलाच्या कानावर जातं. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, पण फोनच मुलाच्या खोलीत असतो.

अशा वेळी वाचनालय ही गावातली एकमेव जागा ठरू शकते, जिथे जाण्याबद्दल कुणी ‘का गेलात’ म्हणून विचारत नाही. कोर्टात गेलं तर भांडण, पोलिसात गेलं तर बोभाटा, डॉक्टरकडे गेलं तर आजार. वाचनालयात गेलं तर माणूस पेपर वाचायला गेला. ही निनावी मोकळीक दुसऱ्या कुठल्याही कचेरीकडे नाही. तिचा उपयोग आपण करत नाही याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

रंगनाथनांच्या सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवण्याचं एक सूत्र आहे, आणि संदर्भसेवेवर तर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. संदर्भसेवा म्हणजे विश्वकोशाचे खंड रांगेत लावणं नव्हे. विचारणाऱ्याचा प्रश्न ऐकून घेणं आणि त्याला नेमक्या दारापर्यंत पोचवणं. आपल्याकडे ‘संदर्भ विभाग’ म्हटलं की कुलूपबंद कपाट आठवतं, नाहीतर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. लागतं काय? एक जाड फाइल. तिच्यात तालुक्यातल्या कचेऱ्यांचे पत्ते, कुठल्या कामाला कुठली कागदपत्रं, कुठला अर्ज फुकट आणि कुठल्याला किती पैसे, दवाखान्यांच्या वेळा, काठी-वॉकर-पलंग भाड्यानं कुठे मिळतात, घरी येऊन रक्त तपासायला नेणारा माणूस कोण. सोळा-अठरा पॉइंटात, एका पानावर एक विषय. दर तीन महिन्यांनी तपासलेली, पानाच्या कोपऱ्यात तपासल्याची तारीख घातलेली. तारीख नसलेली माहिती म्हाताऱ्या माणसाला उन्हात दोन हेलपाटे घालायला लावते.

या सेवेची मर्यादाही सांगितली पाहिजे. ग्रंथपालानं वकिली करू नये, औषध सुचवू नये, कुणाचा ओटीपी आपल्या हातानं टाकू नये. तो दार दाखवील. आत जायचं ते त्या माणसानंच. ई-सेवा केंद्रं फॉर्म भरून देतात, पण पैसे घेऊन, आणि ‘हा फॉर्म तुम्हाला लागूच नाही’ हे सांगण्यात त्यांचा फायदा नसतो. व्हॉट्सॲपवर तर सगळंच फुकट आणि निम्मं खोटं. पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी असल्याची बतावणी करून म्हाताऱ्यांना व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास ‘डिजिटल अटके’त ठेवणारे भामटे आणि त्यांना गेलेली आयुष्यभराची पुंजी, याच्या बातम्या त्याच वृत्तपत्र विभागातल्या पेपरांत रोज येतात. त्या बातमीखाली, त्याच बाकाच्या वर, सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक हाताएवढ्या आकड्यांत लिहिलेला मी अजून कुठल्या वाचनालयात पाहिला नाही. खर्च: एक कागद, एक स्केचपेन.

मोबाइल शिकवायचा प्रश्नही असाच. वर अभ्यासिकेत शंभर मुलं आणि खाली वृत्तपत्र विभागात चाळीस म्हातारे, मध्ये एक जिना. मुलांना जागा फुकट किंवा अगदी थोडक्या पैशांत मिळते. आठवड्यातून एक तास प्रत्येकानं खाली येऊन एका आजोबांना मराठी विश्वकोश फोनवर कसा उघडायचा, साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं फुकट कशी उतरवून घ्यायची, खोटा संदेश कसा ओळखायचा हे दाखवलं तर काय बिघडेल? एवढंच, की शिकवणाऱ्यानं फोन आजोबांच्याच हातात ठेवावा. ‘द्या इकडे, मी करून देतो’ म्हणणारा नातू कधीच काही शिकवत नाही.

जे येतच नाहीत त्यांच्याबद्दल. पुस्तक माणसाकडे नेण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि त्या काळात बडोदा संस्थानाच्या खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. शंभर वर्षांनी, २००९मध्ये नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात विनायक रानडे यांनी शंभर पुस्तकांची पेटी तीस-पस्तीस कुटुंबांच्या गटाकडे पोचवायला सुरुवात केली. ती पेटी पुढे पार परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंत गेली. स्वीडन-डेन्मार्कमध्ये घरी अडकलेल्यांना पुस्तक पोचवायच्या सेवेचं नावच ‘पुस्तक येतंय’ अशा अर्थाचं आहे. आणि आपल्याच देशात, केरळात, ग्रंथालय परिषदेची खास स्त्रिया व वृद्धांसाठीची पुस्तकवाटप योजना आहे. ग्रंथपाल पिशवी घेऊन घरोघर जाते, वाचलेलं परत घेते, नवं देते. त्या फेरीत ती पुस्तकाबरोबर आणखी काय काय पोचवत असेल याची कल्पना करता येते. एकटं राहणाऱ्या बाईच्या दारात आठवड्यातून एकदा कुणीतरी ठरल्या वेळी उभं राहतं, हीच मुळात मोठी माहितीसेवा आहे.

मोठ्या शहरांत खासगी लायब्रऱ्या घरपोच पुस्तकं देतात. ज्यांना वर्गणी परवडते त्यांचं भागतं. परदेशी मुलांकडे सहा-सहा महिने राहायला जाणारे आपले आजी-आजोबा तिथल्या पब्लिक लायब्ररीच्या गोष्टी परत येऊन सांगतात: फुकट कार्ड, लिफ्ट, इंग्रजी बोलायचे वर्ग, दुपारभर बसलं तरी कुणी उठवत नाही. ऐकणारे मान डोलावतात आणि विषय हवामानाकडे वळतो.

आणखी एक मोठा गट आहे, ज्याचा ‘वाचक’ या शब्दातच समावेश होत नाही. २०११च्या जनगणनेनुसार देशातल्या साठीपुढच्या लोकांत साक्षर फक्त ४४ टक्के होते. स्त्रियांत तर २८. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, तेव्हा गुलाबी नऊवारी नेसून पाटी-दप्तर घेतलेल्या आज्यांचे फोटो जगभर गेले. त्यांना पोथी स्वतः वाचायची होती, सही करायची होती. अशा शाळा हव्यातच, पण ज्यांना आता अक्षर गिरवायचं नाही त्यांनाही वाचनालयाचं दार बंद का असावं? आपल्याकडे श्रावणात एकानं पोथी वाचायची आणि आळीनं ऐकायची ही पद्धत होतीच. ऐकणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांना अक्षरओळख नव्हती आणि कथा सगळ्यांना पाठ. त्याच बैठकीत एक दिवस वर्तमानपत्र वाचलं, एक दिवस कथा, एक दिवस श्रावणबाळ योजनेचं सरकारी पत्रक सोप्या भाषेत, तर वाचनालयाला नवीन काही शोधायला नको. फक्त वाचणाऱ्याला आवाज मोठा आणि घाई कमी ठेवावी लागेल.

ज्येष्ठांना काय द्यायचं याचा विचार करताना त्यांच्याकडून काय घ्यायचं हे बहुधा विसरलं जातं. मोडीचंच पाहा. पन्नासच्या दशकात शाळांतून मोडी गेली. ती शाळेत गिरवलेली माणसं आता पंच्याऐंशीच्या पुढची, आणि दर पावसाळ्यात कमी होणारी. २०२३मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नात न्यायमूर्ती शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा गावोगाव मोडी वाचणाऱ्यांची एकदम गरज पडली. जन्म-मृत्यूची बाडं, शाळेची जुनी रजिस्टरं, घरातल्या पेटीतले खरेदीखतांचे कागद घेऊन लोक वणवण फिरत होते. त्यांतले काही आमच्या गावच्या वाचनालयातही आले. ग्रंथपालाला मोडी येत नव्हती. कार्यवाहांना आठवलं, की पूर्वी एक गृहस्थ सभासद होते, तलाठी कचेरीतून निवृत्त झालेले; त्यांना येते. जुन्या रजिस्टरात नाव सापडलं. पुढे ‘अनामत परत’, चार वर्षांपूर्वीची तारीख, सही नातवाची.

ग्रंथपाल त्यांच्या घरी गेला. ते म्हणाले, वाचीन, पण वर येणं आता होणार नाही. तेव्हा वाचनालयानं आपल्याकडचे कागद एका पिशवीत घातले, रिक्षा केली आणि त्यांच्या ओटीवर नेले. ते दोन तास वाचत बसले, भिंग लावून, खिडकीशी. निघताना ग्रंथपालानं विचारलं, काही पुस्तक पाठवू का वाचायला? त्यांनी लगेच तीन नावं सांगितली, जणू चार वर्षं पाठच करून ठेवली होती.